कानाची तपासणी झाली, पण निरोप कुठे गेला?

लहान मूल बोलत नाही म्हणून आई-बाबा ओपीडीत येतात, तेव्हा मी आधी विचारते, "जन्माच्या वेळची फाईल आणलीत का?" काहीजण पिशवीतून फाईल काढतात. बरेच जण म्हणतात, "ती हिच्या माहेरी राहिली." मग मी विचारते, "जन्मल्यावर बाळाच्या कानाची तपासणी झाली होती का?" यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. "हो, मशीन लावलं होतं." "नाही बहुतेक." आणि सगळ्यात जास्त वेळा, "झाली असेल. त्यांनी काही सांगितलं नाही, म्हणजे नॉर्मलच असेल."

आजचा लेख या तिसऱ्या उत्तरासाठी आहे. नवजात बाळाच्या श्रवण तपासणीबद्दल आपण वाचतो तेव्हा बहुधा मशीनबद्दल वाचतो. मशीनने जे सांगितलं ते पुढे कोणाकडे जातं, कसं जातं, वाटेत कुठे अडतं, याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही. विषय थोडा रुक्ष वाटेल, कारण त्यात संगणक, कोड आणि रकाने आहेत. पण एखाद्या मुलाला बोलता येईल की नाही, हे कधी कधी या रकान्यांवरच ठरतं.

तपासणी काही मिनिटांची

आधी तपासणी थोडक्यात समजून घेऊ. बाळ झोपलेलं असताना त्याच्या कानात एक छोटी मऊ नळी ठेवतात. तिच्यातून बारीक 'टिक टिक' आवाज सोडला जातो. आतल्या कानातल्या शंखाकृती भागातल्या पेशी निरोगी असतील, तर त्या या आवाजाला उत्तर म्हणून स्वतः एक अतिशय क्षीण आवाज बाहेर पाठवतात. मशीन तो पकडतं. कान स्वतः आवाज करतो, हे लंडनमधले शास्त्रज्ञ डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये जगासमोर मांडलं. त्यावर उभी राहिलेली ही 'ओएई' तपासणी.

दुसरी तपासणी 'बेरा'. यात डोक्याला लहान पट्ट्या चिकटवून आवाज कानाच्या नसेतून मेंदूच्या देठापर्यंत पोचतो का, ते पाहतात. तिचाच एक छोटा, आपोआप निकाल देणारा प्रकार नवजात बाळांसाठी वापरतात. एनआयसीयूमध्ये पाच दिवसांहून जास्त राहिलेल्या बाळांसाठी फक्त ओएई पुरेशी नसते, बेराच करावी लागते. कारण काही बाळांचा आतला कान चांगला असतो आणि बिघाड पुढे नसेत असतो. अशा बाळाची ओएई 'पास' येते, तरी त्याला नीट ऐकू येत नसतं.

दोन्ही तपासण्या दुखत नाहीत. दर हजार नवजात बाळांमागे साधारण एक ते तीन बाळांना जन्मतःच कायमचा श्रवणदोष असतो. एनआयसीयूमधल्या बाळांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं.

'रेफर' हा निकाल नाही, निरोप आहे

मशीन दोनच शब्द दाखवतं : 'पास' किंवा 'रेफर'. 'नापास' असा शब्द मुद्दामच ठेवलेला नाही. रेफर म्हणजे बाळ बहिरं आहे, असं नव्हे. जन्मल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत कानाच्या नळीत चिकट पांढरा थर किंवा पाणी असतं, बाळ हलत असतं, खोलीत आवाज असतो. त्यामुळे रेफर आलेल्या बहुतेक बाळांचं ऐकणं पुढच्या तपासणीत व्यवस्थित निघतं.

थोडक्यात, रेफर म्हणजे 'या बाळाला पुन्हा बघा' एवढा निरोप. निरोप म्हटला की पाठवणारा हवा, नेणारा हवा आणि घेणाराही हवा. तपासणी करणारी व्यक्ती निरोप लिहिते. तो बाळाच्या आई-बाबांना, बालरोगतज्ज्ञांना आणि पुढची बेरा करणाऱ्या ऑडिओलॉजिस्टना पोचला, तरच त्या काही मिनिटांच्या तपासणीला अर्थ आहे.

यासाठी जगभर एक साधं वेळापत्रक वापरतात, १-३-६. पहिल्या एका महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत श्रवणयंत्र आणि भाषेचं शिक्षण सुरू. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये, ज्यांना हे जमतं त्यांनी १-२-३ गाठावं, असंही सुचवलं.

सहा महिन्यांचा हा आग्रह उगाच नाही. कोलोरॅडोमधल्या क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. श्रवणदोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेलेली मुलं एका गटात होती आणि नंतर ओळखला गेलेली दुसऱ्या गटात. लवकर ओळखल्या गेलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. मेंदू भाषा शिकायला पहिल्या दिवसापासून बसलेला असतो. त्याच्यापर्यंत आवाज किंवा खुणांची भाषा, काहीच पोचलं नाही, तर ते महिने परत मिळत नाहीत.

अमेरिकेतला 'माहिती नाही' हा रकाना

माझी एक वर्गमैत्रीण अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ आहे. तिच्याशी बोलताना मला या विषयाची दुसरी बाजू कळली. मला वाटायचं, तिकडे सगळ्या बाळांची तपासणी होते, म्हणजे प्रश्न सुटला असणार. ती म्हणाली, "तपासणीचा प्रश्न सुटला, पुढचा सुरू झाला."

अमेरिकेत नवजात बाळांच्या कानांची तपासणी करण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात डेन्व्हरमध्ये मॅरियन डाऊन्स या ऑडिओलॉजिस्टने सुरू केले. तेव्हा मशीन नव्हती. आवाज करून बाळ दचकतं का, डोळे हलवतं का, हे बघायचं. पुढे ओएई आली, १९९३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांनी सर्व बाळांची तपासणी व्हावी अशी शिफारस केली आणि हळूहळू सगळ्या राज्यांत कार्यक्रम उभे राहिले. आज तिथल्या ९५ टक्क्यांहून जास्त बाळांची तपासणी होते.

पण २००५ च्या आसपास तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, राज्यांकडून आकडे मागवले तेव्हा एक अस्वस्थ करणारी गोष्ट दिसली. अंतिम प्राथमिक तपासणीत रेफर आलेल्या बाळांपैकी निम्म्याहून जास्त बाळांचं पुढे काय झालं, याची नोंदच नव्हती. या बाळांसाठी त्यांनी एक जोडनाव वापरलं. त्याचा अर्थ असा : 'पुढच्या तपासणीला आलेलं नाही, किंवा आलं असेल पण नोंद आलेली नाही.'

हे 'किंवा' मला फार महत्त्वाचं वाटतं. दोन बाळं डोळ्यांसमोर आणा. एकाला आई-बाबांनी दुसऱ्या महिन्यात खासगी ऑडिओलॉजिस्टकडे नेलं, बेरा केली, ऐकणं व्यवस्थित निघालं, सगळे निश्चिंत झाले. दुसऱ्याच्या घरी कोणाला काही कळलंच नाही. त्याला ऐकू येत नाही, आणि तो पाळण्यात शांत पडून आहे. राज्याच्या यादीत या दोघांच्या नावापुढे एकच शब्द आहे, 'माहिती नाही'. आता तिथल्या परिचारिकेने फोन कोणाला करायचा? दोघांनाही करावा लागतो. अशी शेकडो नावं असली, की ज्याला फोनची खरी गरज आहे तो गर्दीत बुडतो.

म्हणजे चांगल्या बातमीची नोंद न पोचल्याने वाईट बातमीच्या बाळाचं नुकसान होतं.

पिनकोडसारखी एक युक्ती

नोंद का पोचत नव्हती? कारण ती पुन्हा पुन्हा हाताने लिहावी लागत होती. मशीनच्या पडद्यावर निकाल यायचा. तो कोणीतरी वहीत उतरवायचं, वहीतून फॉर्मवर, फॉर्म फॅक्सने किंवा टपालाने राज्याच्या कार्यालयात, तिथे कोणीतरी पुन्हा संगणकात भरायचं. एका ठिकाणी 'डावा रेफर' लिहिलेलं, दुसऱ्या ठिकाणी फक्त 'रेफर', तिसऱ्या ठिकाणी 'अनसॅटिसफॅक्टरी'. प्रत्येक हस्तांतरात काहीतरी सांडायचं.

हीच अडचण आपल्याकडे टपाल खात्याला होती. एकाच नावाची अनेक गावं, पत्ते वेगवेगळ्या लिप्यांत, अक्षर लागत नाही. मग १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. तो तयार केला कोकणातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. पत्ता मराठीत असो की बंगालीत, सहा आकडे बघितले की पत्र कुठल्या टपाल कार्यालयात जायचं ते कळतं. अक्षराचा अर्थ लावण्याची गरज उरली नाही.

आरोग्याच्या माहितीसाठी असेच आकडे ठरवले गेले आहेत. त्यांच्या एका यादीला 'लॉइंक' म्हणतात. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या रेगनस्ट्रीफ इन्स्टिट्यूटने १९९४ मध्ये तिची सुरुवात केली. या यादीत नवजात बाळाच्या डाव्या कानाच्या तपासणीला ५४१०८-६ आणि उजव्या कानाच्या तपासणीला ५४१०९-४ असा वेगळा क्रमांक आहे. तपासणी ओएईने झाली की बेराने, यासाठीही वेगळा क्रमांक आहे. कोणत्याही कंपनीचं मशीन असो, कोणत्याही दवाखान्याचा संगणक असो, या क्रमांकासोबत आलेलं उत्तर कुठल्या कानाचं, हे समोरच्या संगणकाला विचारावं लागत नाही.

पिनकोड लिहिला तरी पाकिटावर तो कुठे लिहायचा, पाठवणाऱ्याचं नाव कुठे, घेणाऱ्याचं कुठे, हेही ठरलेलं असावं लागतं. संगणकांमधल्या आरोग्य-निरोपाचं असं ठरलेलं पाकीट म्हणजे 'एचएल-सेव्हन'. हे काम १९८७ मध्ये सुरू झालं. त्याची नवी, इंटरनेटला सोयीची पद्धत 'फायर' या नावाने ओळखली जाते. आणि कोणत्या प्रसंगी कोणतं पाकीट कोणी कोणाला पाठवायचं, याचे नियम 'आयएचई' नावाचा गट बनवतो. नवजात बाळाच्या श्रवण तपासणीसाठी या गटाने वेगळे नियम लिहिले आहेत.

त्यातली मला सगळ्यात शहाणपणाची वाटलेली गोष्ट अशी : पहिला निरोप तपासणीचा नसतोच. पहिला निरोप असतो 'बाळ जन्मलं'. दवाखान्यात बाळाची नोंद झाली, की संगणक राज्याच्या श्रवण कार्यक्रमाला तेवढंच कळवतो. म्हणजे यादी आधी तयार होते आणि निकाल नंतर त्या नावापुढे येऊन बसतो. फक्त निकाल पाठवले, तर ज्यांची तपासणी झाली तीच बाळं दिसतात. जे बाळ रविवारी जन्मलं आणि सोमवारी सकाळी घरी गेलं, ते कोणालाच दिसत नाही.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे उत्तराचा रकाना रिकामा सोडायचा नाही. पास आणि रेफर यांखेरीज 'प्रयत्न केला, पूर्ण झाली नाही', 'केली नाही', 'पालकांनी नकार दिला' अशी उत्तरं आधीच ठरवून दिली आहेत. रिकाम्या जागेचा अर्थ प्रत्येक माणूस आपल्या सोयीने लावतो, आणि आपण बहुतेकदा 'सगळं ठीक' असाच लावतो.

या सगळ्यामुळे अमेरिकेतला प्रश्न संपला का? नाही. 'माहिती नाही' या रकान्यातल्या बाळांचं प्रमाण २०११ पर्यंत साधारण एक तृतीयांशावर आलं. हे केवळ संगणकामुळे झालेलं नाही. राज्यांनी माणसं नेमली, फोन केले, दवाखान्यातून निघतानाच पुढची तारीख द्यायला सुरुवात केली. बाळ एका राज्यात जन्मतं आणि दुसऱ्या राज्यात राहायला जातं, तेव्हा आजही गोंधळ होतो, कारण प्रत्येक राज्याची यादी वेगळी आहे.

फाईल जपून ठेवली होती

हे वाचून वाटेल, अमेरिकेतल्या राज्यांच्या याद्यांशी आपल्याला काय करायचंय? म्हणून माझ्याकडे आलेल्या एका मुलीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मुलगी पावणेतीन वर्षांची. शब्द एकही नाही. घरचे म्हणाले, "ऐकायला येतं तिला, ताट पडलं की वळून बघते." आजी म्हणाल्या, "हिचे बाबा पण उशिरा बोलले." बेरा केली. दोन्ही कानांत तीव्र श्रवणदोष निघाला. (ताट पडतं तेव्हा जमीन हादरते, आसपासची माणसं दचकतात. मूल ते बघून वळतं. ही घरगुती परीक्षा फसवी असते.)

पुढच्या वेळी आई माहेरून जन्माची फाईल घेऊन आली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, एकही कागद दुमडलेला नाही. डिस्चार्ज कार्डवर बीसीजी आणि पोलिओच्या ओळींखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं : ओएई, दोन्ही बाजू रेफर, फॉलोअप. कुठे, कधी, कशासाठी, काही नाही. आईला तेव्हा कोणी काही सांगितल्याचं आठवत नव्हतं. बाळंतपणाच्या तिसऱ्या दिवशी आठवेल तरी कसं? नंतर समजलं, दवाखान्याने एकदा फोनही केला होता. नोंदीतला नंबर तिच्या भावाचा होता आणि त्याने मधल्या काळात सिम बदललं होतं.

"मॅडम, फाईल मी नीट जपून ठेवली होती हो," आई म्हणाली.

तिने खरंच जपली होती. तपासणी करणाऱ्या मुलीने तपासणी केली होती. डॉक्टरांनी कार्डवर लिहिलं होतं. कोणीतरी फोन लावला होता. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि तरी निरोप अडीच वर्षं कपाटात पडून राहिला. त्या अडीच वर्षांत मुलीला कोणी हाक मारली, अंगाई म्हटली, 'ये ये' म्हटलं, यातलं तिच्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं.

आता तिच्यावर उपचार आणि भाषेचं शिक्षण सुरू आहे. ती शब्द जोडू लागली आहे. मेहनत मात्र दुप्पट आहे, तिची आणि आईचीही.

बारशाआधीचं बाळ

आपल्याकडे निरोप हरवायला आणखी काही खास कारणं आहेत, आणि ती आपल्या रीतींतच आहेत.

पहिलं बाळंतपण माहेरी. बाळ जन्मतं नाशिकला, तिसऱ्या महिन्यात जातं लातूरला. म्हणजे १-३-६ मधला एक माहेरी आणि तीन सासरी. दोन दवाखाने, दोन डॉक्टर, आणि मध्ये फक्त एक फाईल. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत तर बाळ वर्षात दोन जिल्हे बदलतं.

नाव बारशाला, म्हणजे साधारण बाराव्या दिवशी. तपासणी त्याआधी. तेव्हा दवाखान्याच्या वहीत बाळ असतं 'बेबी ऑफ सुनीता'. जुळी असतील तर 'एक' आणि 'दोन'. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. काही घरांत लग्नात मुलीचं नावही बदलतात. मग एकच आई दोन दवाखान्यांत दोन पूर्ण वेगळ्या नावांनी नोंदलेली असते. जन्मनोंदणीच्या कायद्याला ही रीत माहीत आहे. म्हणून नावाशिवाय जन्म नोंदवता येतो आणि नाव नंतर भरता येतं. आरोग्याच्या नोंदींना मात्र अजून हे नीट जमलेलं नाही.

इंग्लंडने यावर एक साधा उपाय केला. तिथे २००२ पासून बाळाला जन्मल्याबरोबर आरोग्यसेवेचा क्रमांक मिळतो, नाव ठेवायच्याही आधी. देशभराच्या श्रवण तपासणीसाठी संगणक-यंत्रणाही एकच आहे. पुढे नाव, पत्ता, गाव बदललं तरी क्रमांक तोच. अमेरिकेत असा राष्ट्रीय आरोग्य क्रमांक नाही, त्यामुळे तिथेही जन्माच्या वेळचं 'बेबी बॉय' आणि नंतरचं नाव जुळवत बसावं लागतं.

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही, असं मुळीच नाही. बहिरेपणा प्रतिबंध आणि नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६ पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आला. त्यात जन्मजात बहिरेपणा शोधण्याच्या यादीत आहे आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा पातळीवर डीईआयसी केंद्रं आहेत. केरळमध्ये कोचीच्या बालरोगतज्ज्ञांनी २००३ मध्ये वेगळी वाट काढली. प्रत्येक दवाखान्याने मशीन घेण्याऐवजी एक प्रशिक्षित व्यक्ती मशीन घेऊन शहरातल्या दवाखान्यांत फिरते. मला यात खर्चाच्या बचतीपेक्षा दुसरा फायदा मोठा दिसतो. तपासणारे हात एकच असले, की नोंद एकाच पद्धतीची होते.

माहितीच्या देवाणघेवाणीचे नियमही आपल्या देशाने मान्य केलेले आहेत. केंद्र सरकारने आरोग्य नोंदींचे मानक २०१३ मध्ये जाहीर केले आणि २०१६ मध्ये सुधारले. त्यात लॉइंक आहे, एचएल-सेव्हन आहे. २०२१ पासून आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं आणि १४ आकडी 'आभा' क्रमांक आला. त्यातली देवाणघेवाण 'फायर' पद्धतीवर चालते. म्हणजे पाकीटही ठरलं आहे आणि पिनकोडही. आता लहान गावातल्या प्रसूतिगृहातली ओएईची ओळ त्या पाकिटात पडायला हवी. ते घडेपर्यंत पोस्टमन आपणच, म्हणजे आई-बाबा, आजी-आजोबा, आशाताई आणि आम्ही डॉक्टर.

'नोंद नको' असं वाटतं तेव्हा

एक गोष्ट लोक हळू आवाजात विचारतात. "मॅडम, हे कुठे नोंदवू नका. मुलगी आहे, पुढे लग्नाला अडचण येईल." ही भीती मी खोटी म्हणणार नाही. समाज तसा वागतो. तुमच्या बाळाची माहिती कोण बघणार, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे आणि डिजिटल मिशनमध्येही माहिती देण्याआधी संमती विचारली जाते. जरूर विचारा. पण लपवल्याने श्रवणदोष जात नाही, फक्त उपचाराला उशीर होतो. वेळेत श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट मिळालेली, किंवा खुणांची भाषा लहानपणापासून शिकलेली मुलगी शाळेत जाते, आपलं म्हणणं मांडते. भाषा न मिळालेल्या मुलीला लोकांसमोर आपली बाजूच मांडता येत नाही.

तुम्ही काय करायचं

डिस्चार्ज घेण्याआधी एका कागदावर या सात गोष्टी लिहून मागा. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवजात बाळाला मी अशीच चिठ्ठी देते.

१. बाळाची ओळख : आईचं पूर्ण नाव (माहेरचं आणि सासरचं), बाळाची जन्मतारीख आणि वेळ, दवाखान्याचा नोंदणी क्रमांक. जुळं असेल तर कितवं.
२. तपासणी कोणती : ओएई की बेरा.
३. कोणत्या तारखेला झाली.
४. उजवा कान : पास, रेफर, पूर्ण झाली नाही, की केली नाही.
५. डावा कान : तेच. दोन्ही कानांचं वेगळं लिहून घ्या. पुढच्या वेळी मात्र एकच कान रेफर असला तरी दोन्ही कान तपासायचे.
६. जोखीम : एनआयसीयूत किती दिवस, कावीळ इतकी वाढली की रक्त बदलावं लागलं का, मेंदूज्वर, जन्मल्यावर उशिरा रडणं, घरात कोणाला लहानपणापासून कमी ऐकू येतं का.
७. पुढची तपासणी कुठे आणि कोणत्या तारखेला. नुसतं 'फॉलोअप' चालणार नाही.

फोन नंबर दोन द्या, एक माहेरचा आणि एक सासरचा. चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढून बाळाच्या बाबांना पाठवा. बारशानंतर चिठ्ठीवर बाळाचं नाव लिहा. ती लसीकरणाच्या कार्डालाच पिनने लावून ठेवा, कारण ते कार्ड तुम्ही दर वेळी नेता. दीड महिन्याच्या लसीला जाल तेव्हा डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता चिठ्ठी समोर ठेवा. आणि पुढच्या तपासणीत सगळं ठीक निघालं, तर जन्माच्या दवाखान्याला तेही एका फोनने कळवा. त्यांच्या यादीतलं एक नाव कमी होईल आणि ज्या बाळाला खरी गरज आहे त्याच्याकडे त्यांचं लक्ष जाईल.

निकाल पास असला तरी लक्ष ठेवाच, कारण काही मुलांचं ऐकणं नंतर कमी होतं. तीन महिन्यांपर्यंत मोठ्या आवाजाने दचकणं आणि आईच्या आवाजाने शांत होणं, सहा महिन्यांपर्यंत आवाजाच्या दिशेने वळणं, नऊ-दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' अशी बडबड, वर्षापर्यंत नावाला प्रतिसाद आणि एखादा शब्द, एवढं दिसायला हवं. दिसत नसेल तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' यावर थांबू नका.

जन्माच्या वेळी तपासणी झालीच नसेल, किंवा झाली होती की नाही हेच माहीत नसेल, तर आता करून घ्या. बाळ कितीही महिन्यांचं असलं तरी करता येते. जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रात, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या कान-नाक-घसा विभागात किंवा मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत चौकशी करा. आणि आज घरी गेल्यावर बाळाची फाईल काढून ती एक ओळ शोधा. सापडली तर दोन्ही कानांपुढे काय लिहिलंय ते वाचा. समजलं नाही, तर फोटो काढून तुमच्या डॉक्टरांना दाखवा.